अँटवर्पचा हिवाळा आणि एका पेढीचा प्रश्न

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही उभयता आमच्या मुलीकडे, बेल्जियममधील अँटवर्प शहरी, जाण्यास निघालो. जावई तेथील बंदराशी संबंधित एका कंपनीत अभियंता आहेत. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली तरी परदेश पाहण्याचा योग आला नव्हता. सामान गाडीत चढवून झाले होते आणि दुपारचे दोन वाजत आले होते. तेवढ्यात माझे थोरले बंधू अण्णा दारात आले. त्यांची सांगलीत हळदीची पेढी आहे. आमच्या आजोबांनी सुरू केलेली. अण्णांनी नारळ हाती दिला आणि मला जरा बाजूला नेले.

“तू पस्तीस वर्षे बँकेत लोकांचे धंदे पाहिलेस. आता आपल्या घराचे सांग. त्या व्यापाऱ्याला पेढी देऊन टाकू का? महिनाअखेर त्याला उत्तर हवे आहे.”

अण्णांना दोन मुली. थोरली सासरी बेळगावला. धाकटी सनदी लेखापाल. पुण्याची नोकरी सोडून तीन वर्षांपूर्वी घरी आली आणि जीएसटीपासून निर्यातीच्या कागदपत्रांपर्यंत सारे पाहू लागली. पेढी चालवण्याची तिची इच्छा तिने स्पष्ट बोलून दाखवली होती. परंतु सौद्याच्या वेळी अडत दुकानात उभे राहणे, हमालांशी बोलणे, गावोगावच्या शेतकऱ्यांची उधारी सांभाळणे हे मुलीला कसे जमणार आणि उद्या तिचे लग्न झाल्यावर काय, असे प्रश्न अण्णांना रात्री झोपू देत नव्हते. दुसरीकडे एक मोठा व्यापारी पेढीचे नाव, गोदाम आणि गाळा एकरकमी घेण्यास तयार होता.

मी म्हणालो, “अण्णा, घाई करू नका. परत आल्यावर सांगतो.” खरे सांगायचे तर मला उत्तर ठाऊक नव्हते. अथवा जे ठाऊक होते, ते बँकेतल्या जुन्या सवयीचे उत्तर होते.

बत्तीस तासांचा दिवस

सांगलीहून मुंबईचा विमानतळ गाठण्यास रात्रीचे अकरा वाजले. सौ. गेली अठ्ठावीस वर्षे सूर्यास्तानंतर अन्नग्रहण करीत नाहीत, त्यामुळे साताऱ्याच्या अलीकडे रस्त्याकडेला गाडी थांबवून आम्ही उजेडातच जेवलो होतो. विमान पहाटे साडेचारचे, आखातातील एका शहरी बदलून पुढे ब्रुसेल्सला जाणारे.

येथे वाचकांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. मुलीने हे आधीच बजावल्यामुळे सौ.नी पेढे, तूप आणि दुधात भिजवलेल्या दशम्या बाजूला ठेवल्या. त्याऐवजी तेलात मळलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, खाकरा, मेतकूट आणि भाजलेले दाणे घेतले. हा शिधा पुढे किती मोलाचा ठरणार होता, याची त्या वेळी कल्पना नव्हती.

आखातात उतरलो तेव्हा तेथे सकाळ होत होती. वाळवंटावर दाट धुके पसरले होते आणि पुढचे विमान दोन तास उशिरा सुटणार असल्याची सूचना फलकावर झळकत होती. सूर्य वर आल्यावर दोन घटका थांबून सौ.नी दोन खाकरे आणि पाणी घेतले. “पुढे विमानात जैन जेवण सांगितलेले आहे ना,” असे म्हणून बाकीचा डबा त्यांनी पिशवीत परत ठेवला. विमानात बसल्यावर समजले की आमची नोंद यादीत आहे, पण जेवणाचे ताट विमानात चढवलेलेच नाही. हवाईसुंदरीने मनापासून क्षमा मागितली आणि दोन केळी व एक सफरचंद आणून दिले.

खिडकीतून डाव्या हाताला सूर्य दिसत होता. आम्ही पश्चिमेकडे चाललो होतो, म्हणजे सूर्याच्याच दिशेने. तो मागून येत होता आणि आम्हांला गाठायला त्याला वेळ लागत होता. माझ्या मनगटावरील घड्याळात भारतातील वेळ होती. त्यात सायंकाळचे सहा वाजले तेव्हा सांगलीत सूर्य मावळला असणार. आमच्या खिडकीत मात्र अजून लखलखीत दुपार होती. मी सौ.ना थट्टेने विचारले, “आता नियम कुठल्या सूर्यास्ताचा? घरच्या की इथल्या?”

त्या म्हणाल्या, “घड्याळ घरचे असेल, सूर्य काही आपल्या घरचा नाही. जिथे आपण आहोत तिथला.”

इतके सरळ उत्तर मला सुचले नसते. मी लागलीच घड्याळ साडेचार तास मागे केले.

ब्रुसेल्सला दुपारी अडीच वाजता उतरलो. पारपत्र तपासणीची रांग लांब होती. त्यातच आमची एक बॅग सर्वांत शेवटी आली. बाहेर आलो तेव्हा पावणेचार झाले होते. मुलगी समोर उभी होती. गळाभेट होताच तिने आईला पहिले वाक्य सांगितले: “आई, आज सूर्यास्त चार वाजून छत्तीस मिनिटांनी. आधी जेवून घे.” आकाश शिशाच्या रंगाचे होते, सूर्याचा पत्ताच नव्हता. विमानतळाच्या एका बाकावर, ये-जा करणाऱ्या शेकडो माणसांच्या मध्ये, सौ.नी पुऱ्या आणि मेतकुटाचे जेवण केले. चार वाजून वीस मिनिटांनी त्यांनी हात धुतले आणि डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला. मोठमोठ्या हॉटेलांतल्या मेजवान्या मी बँकेच्या निमित्ताने पाहिल्या आहेत, पण त्या बाकावरचे जेवण विसरणे शक्य नाही.

विमानतळाखालूनच अँटवर्पची आगगाडी मिळते. पाऊणएक तासात आम्ही अँटवर्प सेंट्रल स्थानकात पोहोचलो. १९०५ साली पूर्ण झालेली ही इमारत पाहून प्रवासाचा शीण क्षणभर विसरलो. वास्तुविशारद लुई देलासेन्सेरी यांनी रचलेला तिचा घुमट सुमारे पंचाहत्तर मीटर उंच आहे. खाली रंगीत संगमरवर, मधोमध रुंद जिना, वर सोनेरी घड्याळ. इकडचे लोक तिला ‘रेल्वेचे कॅथेड्रल’ म्हणतात. आता रुळ एकाखाली एक अशा पातळ्यांवर आहेत आणि २००७ पासून गाड्या शहराच्या पोटातील बोगद्यातून आरपार जातात. मुलीच्या घराचा उंबरठा ओलांडला तेव्हा सांगली सोडून जवळपास बत्तीस तास झाले होते.

पावणेआठ तासांचा उजेड

दुसऱ्या दिवशी साडेआठ वाजले तरी बाहेर रात्रच होती. या दिवसांत अँटवर्पला सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचार वाजता मावळतो. सूर्योदयानंतरच्या दोन घटका आणि सूर्यास्तापूर्वीचा थोडा वेळ सोडला, तर व्रतस्थ माणसाला दोन वेळच्या जेवणासाठी जेमतेम साडेसहा तास उरतात. आम्ही दिनक्रम ठरवूनच टाकला. सकाळी साडेनऊला भरपेट जेवण, मग भटकंती, साडेतीनला घरी परत येऊन दुसरे जेवण, आणि अंधार पडल्यावर पुन्हा दिव्यांची रोषणाई पाहायला बाहेर.

थंडी आकड्यांत फार नव्हती. पारा तीन-चार अंशांवर. परंतु स्खेल्डे नदीवरून येणारा ओला वारा हाडांत शिरतो. लोकरी टोपी, मोजे आणि पाणी आत न घेणारे बूट यांवर खर्च करण्यात काटकसर करू नये, हा माझा अनुभवाचा सल्ला.

जुन्या शहराचा मध्य म्हणजे ग्रोट मार्क्ट, अर्थात मोठा बाजारचौक. एका बाजूला सोळाव्या शतकातील नगरभवन, भोवती व्यापारी संघांची उंच, निमुळत्या माथ्याची घरे. नाताळ जवळ आल्याने चौकात लाकडी टपऱ्या मांडलेल्या होत्या. मेणबत्त्या, लोकरी मोजे, गरम चॉकलेट. येथे खाण्यापूर्वी विचारणे आवश्यक. वॉफलमध्ये अंडे असते आणि बेल्जियमचे सुप्रसिद्ध तळलेले बटाटे पुष्कळ ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. आपल्याकडे बटाटा न खाणाऱ्यांचा प्रश्न तर आपोआपच सुटतो.

चौकाच्या मध्यभागी १८८७ सालचे ब्राबोचे कारंजे आहे. दंतकथा अशी, की अँटिगून नावाचा एक राक्षस नदीतून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून जकात घेई आणि न देणाऱ्याचा हात तोडी. ब्राबो नावाच्या वीराने त्याचाच हात तोडून नदीत भिरकावला. हात फेकणे या शब्दांवरून शहराचे नाव पडले, असे लोक मानतात. पुतळा नेमका तो हात फेकतानाचा आहे. सौ.नी तोंड फिरवले. मी मात्र म्हटले, अवाजवी जकातीविरुद्ध उभारलेले स्मारक व्यापाऱ्यांच्याच गावात सापडायचे.

जवळच आमच्या मातेचे कॅथेड्रल आहे. १३५२ मध्ये सुरू झालेल्या या बांधकामाचा उत्तर मनोरा १२३ मीटर उंच आहे. दक्षिण मनोरा पैशाअभावी अपुराच राहिला. आत रूबेन्सची प्रचंड चित्रे आहेत. ख्रिस्ताचे शव क्रुसावरून उतरवण्याचे चित्र मी बराच वेळ पाहत राहिलो. आठ-नऊ माणसे मिळून एक देह हळुवार खाली घेत आहेत, आणि प्रत्येकाच्या हाताला त्या देहाचे ओझे जाणवते आहे. धर्म कोणताही असो, आपल्या माणसाचे ओझे उचलण्याची ही रीत ओळखीची वाटली.

संध्याकाळी नदीखालच्या सेंट अ‍ॅना बोगद्यात गेलो. १९३३ साली खुला झालेला हा पादचाऱ्यांचा बोगदा ५७२ मीटर लांब आहे. खाली नेणारे सरकते जिने आजही लाकडी आहेत. पायांखाली त्यांची करकर ऐकू येते. पलीकडच्या तीरावरून दिव्यांनी उजळलेले शहर पाहिले तेव्हा सौ. म्हणाल्या, “आयर्विन पुलावरून दिसणाऱ्या आपल्या सांगलीला एवढे दिवे लावायला हवेत.”

मिरी, हुंडी आणि बाजार

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. त्यामुळे अँटवर्पचे खरे आकर्षण मला तिसऱ्या दिवशी भेटले. ते म्हणजे हांडेल्सबर्स, व्यापाऱ्यांचा बाजार. १५३१ साली केवळ व्यापारी देवघेवीसाठी ही वास्तू बांधली गेली. मोकळे अंगण, चारी बाजूंना नक्षीदार खांबांच्या ओसऱ्या. कोणत्याही देशाच्या आणि कोणत्याही भाषेच्या व्यापाऱ्यांसाठी ती खुली होती. तिच्यावरूनच टॉमस ग्रेशमने लंडनच्या रॉयल एक्स्चेंजची कल्पना घेतली. जुनी इमारत १८५८ मध्ये आगीत गेली. त्याच जागी पुन्हा उभारलेली वास्तू पुष्कळ वर्षे बंद राहून २०१९ मध्ये पुनश्च उघडली. आता तेथे समारंभ होतात. काचेच्या छताखाली उभा राहून मी डोळ्यांपुढे सौद्याची गर्दी आणली, आणि मला आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचे सौदे आठवले.

हे साम्य केवळ मनाचे नव्हते. वास्को द गामाने भारताचा सागरी मार्ग शोधल्यानंतर दोन-तीन वर्षांतच, १५०१ मध्ये, पोर्तुगीज मसाल्याचे पहिले जहाज अँटवर्पला लागले. पुढे कित्येक वर्षे मलबारची मिरी लिस्बनमार्गे येथे येई आणि येथून उत्तर युरोपभर जाई. दक्षिण जर्मनीचे सावकार त्या बदल्यात चांदी आणि तांबे आणीत. रक्कम मोठी, वाटा धोक्याच्या. म्हणून सोन्याच्या थैल्यांऐवजी हुंडी चाले. हुंडीच्या पाठीवर सही करून ती दुसऱ्याच्या नावे करण्याची पद्धत याच शहराच्या व्यवहारांत रुळली. आपल्या पूर्वजांच्या दर्शनी आणि मुदती हुंड्या ज्यांनी जुन्या कपाटांत पाहिल्या आहेत, त्यांना हे परके वाटणार नाही.

आणि हे वैभव किती ठिसूळ असते, तेही हेच शहर सांगते. १५७६ मध्ये पगार न मिळालेल्या स्पॅनिश सैनिकांनी शहर लुटले, हजारो माणसे मारली. १५८५ मध्ये स्पेनच्या फौजेपुढे शहर शरण गेले. प्रोटेस्टंटांना धर्म बदला अथवा चार वर्षांत निघून जा, असे सांगण्यात आले. व्यापारी, कारागीर, विद्वान निघून गेले, पुष्कळसे अ‍ॅमस्टरडॅमला. नदीचे मुख डचांनी रोखले. काही वर्षांत लोकसंख्या निम्म्याहून खाली आली. विश्वास आणि सहिष्णुता गेली की भांडवल कुणाच्या परवानगीची वाट पाहत नाही, हे मी बँकेत शिकलो होतो. येथे ते एका संपूर्ण शहराच्या बाबतीत घडलेले पाहिले.

छापखान्याचा जावई

चौथ्या दिवशी प्लांटिन-मोरेटस संग्रहालयात गेलो आणि अण्णांचा प्रश्न माझ्यासमोर अचानक येऊन उभा राहिला.

क्रिस्तोफ प्लांटिन हा मूळचा फ्रान्समधील बुकबांधणी करणारा कारागीर. १५५५ च्या सुमारास त्याने अँटवर्पला छापखाना सुरू केला आणि तो युरोपातील सर्वांत मोठ्या छापखान्यांपैकी एक केला. कंपास हे त्याचे बोधचिन्ह; ‘श्रम आणि सातत्य’ हे ब्रीद. ते घर, ती कार्यशाळा, अक्षरांचे खिळे, जगातील सर्वांत जुनी समजली जाणारी दोन छापयंत्रे आणि कुटुंबाचे हिशेबाचे दप्तर आजही जागेवर आहे. २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश आहे.

दप्तरापुढे मी खिळून उभा राहिलो. प्लांटिनने १५६३ ते १५६७ या काळात भांडवलदारांशी भागीदारी केली, तेव्हाचे हिशेब दुहेरी नोंद पद्धतीने ठेवलेले आहेत. नावे आणि जमा, कागद, शाई, मजुरी, ग्रंथविक्री. साडेचारशे वर्षांपूर्वीची खतावणी. परंतु आमच्या शाखेत एखादा नवा कर्मचारी ती वाचू शकला असता. याच प्लांटिनने १५८२ मध्ये सायमन स्टेविन या गणितज्ञाचे व्याजाची कोष्टके देणारे पुस्तक छापले. तोवर अशी कोष्टके सावकार गुप्त ठेवीत. ती छापली गेल्यावर कर्ज घेणाऱ्यालाही आपल्यावर किती व्याज चढते, हे मोजता येऊ लागले. ज्याने आयुष्यभर व्याज आकारले, त्या माणसाला हे पुस्तक पूजनीय वाटल्यास नवल नाही.

तेथेच मुलीने मला प्लांटिनच्या कुटुंबाची माहिती वाचून दाखवली. त्याला पाच मुली. एकुलता मुलगा लहानपणीच वारला. मुलींना त्याने कामाला लावले. लहान वयापासून त्या मुद्रिते तपासण्यास मदत करीत. चौथी मुलगी माग्दालेना हिब्रू, ग्रीक, लॅटिन अशा भाषांतील बहुभाषी बायबलची मुद्रिते संपादकाच्या घरी नेई आणि त्यांना वाचून दाखवी. दुसऱ्या मुली लेसच्या व्यापारात होत्या. त्यांतली मार्टिना हिचा विवाह छापखान्यातच काम करणाऱ्या यान मोरेटसशी झाला. १५८९ मध्ये प्लांटिन वारल्यावर छापखाना त्या दोघांकडे आला. मुलीच्या वंशात ही पेढी जवळपास तीनशे वर्षे चालली. पुढच्या पिढ्यांत घरच्या विधवांनीही ती सांभाळली. शेवटी १८७६ मध्ये कुटुंबाने घर आणि सारा संग्रह शहराला विकला. मुलगा नव्हता, म्हणून प्लांटिनने पेढी मोडली असती, तर मी आज काय पाहिले असते?

मुलगी पुढे म्हणाली, “बाबा, आणखी एक गंमत. डच भाषेतले दुहेरी नोंदीचे पहिले पुस्तक याच शहरात निघाले, १५४३ मध्ये. यान इम्पिन नावाच्या व्यापाऱ्याने लिहिले, पण तो आधीच वारला. ते छापून आणले त्याच्या विधवेने, अ‍ॅना स्विंटर्सने.”

बाहेर अंगणात द्राक्षाचा जुना वेल हिवाळ्याने पर्णहीन होऊन भिंतीला बिलगला होता. मी तेथील बाकावर बसलो. मला एक फाइल आठवली.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. एक वयस्कर भुसारी व्यापारी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागण्यास आले. हिशेब चोख, परतफेड वेळेवर. पत्नी निवर्तलेली, दोन मुली. धाकटी बी.कॉम. होती आणि दुकानाचे सगळे पुस्तक तिच्या हाती होते. बैठकीतही माझ्या प्रश्नांना उत्तरे वडिलांऐवजी तीच देत होती. प्रस्तावाच्या टिपणीत ‘जोखीम’ या शीर्षकाखाली मी लिहिले: ‘पुरुष वारस नाही. उत्तराधिकाराबाबत अनिश्चितता.’ मर्यादा वाढली नाही. हंगामात त्यांना माल घेता आला नाही, गिऱ्हाईक तुटले, आणि दोन वर्षांत त्यांनी दुकान विकले. मी कोणताही नियम मोडला नव्हता. वरिष्ठांनी टिपणीचे कौतुकच केले होते. पण जिच्या हाती वही होती ती समोर बसलेली असताना मी वारस नाही असे लिहिले, हे मला त्या अंगणात प्रथमच लख्ख दिसले.

सौ. शेजारी येऊन बसल्या. मी त्यांना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “तेव्हाचे आता बदलता येत नाही. अण्णांचे अजून बदलता येईल.”

हिऱ्यांची गल्ली

शेवटच्या रविवारी आम्ही विलरेइक उपनगरातील जैन मंदिरात गेलो. करड्या आकाशाखाली, कौलारू घरांच्या वस्तीत पांढऱ्या संगमरवरातील शिखरे दिसली आणि डोळे निवले. २०१० मध्ये प्रतिष्ठा झालेले हे भगवान पार्श्वनाथांचे मंदिर तेथील हिरे व्यापारी समाजाने उभारले. आम्ही दिगंबर आम्नायाचे. मंदिर श्वेतांबर परंपरेचे. परंतु सात हजार किलोमीटरवर तो भेद कुणाला आठवतो? सौ.च्या डोळ्यांत पाणी होते.

सेंट्रल स्थानकाजवळील होवेनियर्स्ट्राट ही हिऱ्यांची गल्ली आदल्या दिवशी पाहून झाली होती. बाहेरून साधी, आत अब्जावधींची देवघेव. येथील व्यापार दीर्घकाळ ज्यू समाजाच्या हाती होता; साठ-सत्तरच्या दशकांत पालनपूर आणि आसपासचे आपले लोक आले, लहान आकाराचा कच्चा माल घेऊन सुरतेला पैलू पाडायला पाठवू लागले, आणि हळूहळू त्यांनी मोठा वाटा मिळवला. आजही सौदा ‘माझल’ या हिब्रू शब्दाने आणि हस्तांदोलनाने पक्का होतो. शब्द दिला की दिला.

मंदिरात एक वयस्कर हिरे व्यापारी भेटले. आमची चौकशी करून म्हणाले, “मी एकवीस वर्षांचा असताना आलो. मुलगा आहे, लंडनला मोठ्या नोकरीवर आहे. त्याला या धंद्यात रस नाही. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी भावही उतरवले. पुढच्या वर्षी ऑफिस बंद करीन.” थोडे थांबून त्यांनी विचारले, “तुमच्याकडे कोण पाहते?”

“पुतणी,” मी म्हणालो. हा शब्द तोंडून किती सहज गेला, याचे माझे मलाच आश्चर्य वाटले.

“नशीबवान आहात,” ते म्हणाले.

परतल्यावर

त्याच रात्री मी अण्णांना फोन केला. भारतात पहाट झाली होती; ते पूजेला बसण्याच्या तयारीत होते.

“अण्णा, पेढी विकू नका. पण नुसते तोंडी सांगून तिला बसवूही नका. तिला भागीदार करा, भागीदारीचा लेख नोंदवा, बँक खात्यावर तिची सही घाला. थोरलीचा वाटा किती, तो आजच कागदावर आणा. नंतर बहिणीबहिणींत कडवटपणा नको.”

“आणि लग्न झाल्यावर?”

“लग्न झाले म्हणून सनदी लेखापालाची पदवी जाते का? मग पेढी का जावी?”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग अण्णा म्हणाले, “ती रोज विचारते आहे, काका काय म्हणाले म्हणून. तूच सांग तिला.”

एक गोष्ट व्यापारी बांधवांसाठी मुद्दाम नोंदवतो. हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्या समाजालाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. म्हणजे ज्या मुलीला आपण दुकानात बसू देत नाही, तिचा मिळकतीवर हक्क आहेच. मग हक्काबरोबर जबाबदारी आणि शिक्षणही वेळेवर का देऊ नये? मृत्युपत्र आणि भागीदारीचा लेख हे आजारपणात करण्याचे कागद नव्हेत, धडधाकट असताना करण्याचे आहेत. बँकेत असताना मी हे शेकडो लोकांना सांगितले. स्वतःच्या घरात सांगण्यास मात्र मला अँटवर्पपर्यंत जावे लागले.

जानेवारीच्या अखेरीस आम्ही परतलो. पेढीवर गेलो तेव्हा हळदीचा नवा हंगाम तोंडावर आला होता. गादीवर अण्णा होते आणि त्यांच्या उजव्या हाताला, जिथे एके काळी आजोबांसमोर अण्णा बसत, तिथे पुतणी बसली होती. गावाकडून आलेला एक शेतकरी उचल मागत होता. त्याने सवयीने अण्णांकडे पाहिले. अण्णांनी मानेनेच मुलीकडे खूण केली. तिने वही उघडली, मागची बाकी पाहिली, त्याच्या आजारी बैलाची चौकशी केली आणि रक्कम सांगितली.

मी पिशवीतून तिच्यासाठी आणलेली भेट काढून दिली. प्लांटिनच्या संग्रहालयातील ती एक साधी वही होती. वर कंपासचे चिन्ह. तिने ती उलटून पाहिली, पहिल्या पानावर कुंकवाने श्री काढले आणि विचारले, “काका, यात पहिली नोंद कशाची करू?”

सायंकाळचे सव्वापाच झाले होते. सौ.चा निरोप आला, जेवायला चला, उजेड आहे तोवर. आम्ही तिघेही उठलो.